तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली लोहाची सलाईन, माझ्या ६ चकरा

ग्रामीण रुग्णालय, बायांचा वॉर्ड, यवतमाळ जिल्हा. तालुका मुद्दाम लिहत नाही कारण तक्रारी पण लिहणार आहे आणि तिथल्या सिस्टरला त्रास नको. माझ्याकडून ५ पैकी ४.

मी ३८ वर्षांची. गावात शिलाई मशीन चालवते आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जाते. दोन-अडीच वर्षांपासून पाळी ७-८ दिवस चालायची, त्यातले पहिले ३ दिवस असे की रात्री दोनदा उठून कापड बदलायचं, गादीवर जुनी ताडपत्री टाकून त्यावर चादर, आणि रक्ताच्या लिंबाएवढ्या गाठी पडायच्या. कोणाला सांगितलं तर एकच उत्तर, वय झालं की होते, जाईल आपोआप. सासूबाई म्हणायच्या "आमच्याले बी असंच जाये बाप्पा, आम्ही काय दवाखान्यात गेलो का". मग मीही गप्प बसली.

पण वेचणीत कळायला लागलं. ओटी (कापूस टाकायची कमरेची झोळी) बांधून तास (कपाशीची ओळ) धरला की माझ्यासोबतच्या बाया तासाच्या त्या टोकाला पोचायच्या आणि मी अर्ध्यातच धुऱ्यावर (बांधावर) बसलेली. छाती धडधड करायची, कानात मिक्सर चालू असल्यासारखा आवाज, आणि उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे काळं. ओटीत ४-५ किलो कापूस झाला की कमरेला दगड बांधल्यासारखं वाटायचं, आधी तीच ओटी मी १० किलोपर्यंत भरून नेत होती.

आणि एक गोष्ट मी कोणाजवळच बोलली नव्हती. ब्लाऊजवर खुणा करायचा जो चपटा खडू असते न, तो मी खायची. आधी नुसता वास घ्यायची, मग कोपरा चाटायची, मग हप्त्याला दोन खडू संपायला लागले. मुलीनं विचारलं तर म्हणायची पडून फुटला. नंतर सिस्टरनं सांगितलं की माती, खडू, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हे अंगातलं लोह संपल्याचं लक्षण असू शकते, आणि हे सांगताना ती हसली नाही. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तुमच्या घरात कोणी असं करत असेल तर तिला रागावू नका, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) तपासा.

सरकारी दवाखान्यात जायच्या आधी मी काय काय केलं तेही सांगते कारण पैसा तिथंच गेला. पहिले बाजाराच्या गावात एक डॉक्टर आहे तिथं "ताकदीची" पिवळी सलाईन लावली, ४०० रुपये एकीचे, अशा ४ लावल्या. दोन दिवस बरं वाटे मग जैसे थे. आता माहीत झालं की त्या पिवळ्या रंगाच्या सलाईनमध्ये व्हिटॅमिन असते, लोह नसते. मग डाळिंब आणि बीट. बीट लाल म्हणून रक्त वाढवते असं सगळे म्हणतात पण त्यात लोह अगदीच थोडं, डाळिंबात तर त्याहून कमी, आणि डाळिंबाचा भाव तुम्हाला माहीतच आहे. मग लोखंडी कढई घेतली आठवडी बाजारातून. कढई चांगली आहे, चिंचेचं वरण किंवा अंबाडीची भाजी तिच्यात शिजवली तर थोडं लोह उतरते, मी अजून वापरते, पण ७ वर आलेलं रक्त कढईनं भरून निघत नाही.

शेवटी एका खाजगी दवाखान्यात गेली तर तिथं सोनोग्राफी केली, रिपोर्ट आला की गर्भाच्या पिशवीत ३ सेंटीमीटरची गाठ आहे, आणि तिथल्या तिथं सांगितलं पिशवी काढून टाका, कटकट मिटते, ३५ हजार लागतील. दुसरा कोणताच उपाय सांगितला नाही. रक्त किती आहे ते पण तपासलं नाही! मी घाबरून घरी आली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ ला किती गाजला होता, सरकारनं समिती नेमली होती, ते आठवलं आणि रात्रभर झोप नाही.

आमच्या आशाताईनं मार्ग काढला. तिनं बोट टोचून पाहिलं, ७.४. म्हणे ताई बायांचं १२ च्या वर पाहिजे आणि ८ च्या खाली म्हणजे गंभीर, उद्याच चला माझ्यासोबत. मी म्हटलं इथं तर सगळ्याच बायांचं कमी असते. ते खरंच आहे, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांत ५४ जणींचं रक्त कमी निघालं होतं. पण आशाताई म्हणाली ते माझ्या मनाला लागलं, "सगळ्याईचं कमी हाये म्हून ते बरोबर होते का?"

तर आता दवाखान्याचं. केस पेपरला पैसे नाही, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात फुकटच आहे. एसटीत बायांना हाफ तिकीट आहे म्हणून ६ चकरा परवडल्या, नाहीतर नवऱ्याला गाडीचं पेट्रोल मागायचं म्हणजे प्रत्येक वेळी समजवून सांगा कशाला जाते, कितीदा जाते.

डॉक्टर मॅडम तरुण आहे, नवीन आली आहे. तिनं मला जेवढे प्रश्न विचारले तेवढे आजवर कोणीच विचारले नव्हते. दिवसाला किती पॅड लागतात विचारलं, मी म्हटलं मी कापड वापरते, तर ती अडली नाही, म्हणे कापड पूर्ण भिजून बदलायला किती तास लागतात ते सांगा. मी म्हटलं पहिल्या दोन दिवशी दीड तास. लिहून घेतलं. गाठी १ रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या पडतात का? लहानपणी दात काढला तेव्हा रक्त थांबायला वेळ लागला होता का? बाळंतपणात जास्त गेलं होतं का? तांबी बसवली आहे का? (तांब्याच्या कॉपर-टीनं काही जणींचं जास्त जाते म्हणून.) थायरॉईडची तपासणी पण लिहून दिली, त्यानंही पाळी बिघडते हे मला माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात पहिले सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) टेस्ट. हे आपल्या विदर्भातल्या बायांनी नीट वाचा. आपल्याकडे सिकलसेल भरपूर आहे, गडचिरोली चंद्रपूरकडे तर खूपच, केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला त्याचं मोठं मिशन पण सुरू केलं आहे. सिकलसेलवाल्या माणसाचंही एचबी कमीच येते पण कारण वेगळं असते, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवलं त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकते. म्हणजे एचबी कमी दिसलं की लोह टोचा असं नाही, आधी पाहावं लागते. माझ्या मावसबहिणीचा मुलगा सिकलचा आहे म्हणून मला धाकधूक होती, माझी टेस्ट निगेटिव्ह आली. फेरिटिन नावाची दुसरी टेस्ट होती, ती तिथं होत नव्हती म्हणून बाहेर पदरचे ७०० देऊन केली. आलं ६. मॅडम म्हणाली १५ च्या खाली म्हणजे कोठी रिकामी, आणि एचबी हे ताटातलं जेवण झालं तर फेरिटिन म्हणजे कोठीतलं धान्य.

मग तिनं माझ्यासमोर कागदावर हिशोब केला, तो कागद मी जपून ठेवला आहे. वजन ४४ किलो. एचबी १५ पर्यंत न्यायचं धरून त्यातून माझे ७.४ गेले, राहिले ७.६. ४४ गुणिले ७.६ गुणिले २.४ (हा ठरलेला आकडा), झाले ८०३. त्यात साठ्याचे ५०० मिळवले तर अंदाजे १३०० मिलीग्राम लोह पाहिजे. ही सलाईन एका वेळी २०० च्या वर देत नाहीत म्हणून सोमवार गुरुवार असे ३ हप्ते, ६ सलाईन, १२०० झाले, बाकीचं गोळ्यांनी. मोठ्या दवाखान्यात १००० एकाच वेळी देता येणारी दवा पण असते, फेरिक कार्बोक्सीमाल्टोज नावाची, पण इथं आयर्न सुक्रोजच होती.

मी विचारलं जेवणातून का होत नाही भरून. तर म्हणे चांगल्या रक्ताच्या १ मिलीत अर्धा मिलीग्राम लोह असते, पाळीत ८० मिलीच्या वर गेलं की ते जास्त समजायचं, म्हणजे ४० मिलीग्राम एका पाळीत गेले, आणि जेवणातून अंगाला लागते दिवसाचं १-२ मिलीग्राम, तेही रोजच्या खर्चाला पाहिजे. तिथंच उभी असलेली सिस्टर म्हणाली "धुरा फुटला असंन तं मोटार चालू ठिवून वावर भिजत नाही ताई, आधी धुरा बांधा लागते". मॅडम शहरातली, तिला धुरा म्हणजे काय ते सिस्टरनं समजावून सांगितलं.

सलाईनचा दिवस कसा असते ते सांगते कारण मी पहिल्या वेळी लय घाबरली होती. १०० मिलीची छोटी बाटली, त्यात दोन काचेच्या ॲम्प्युल फोडून टाकतात, दवा एकदम काळपट तपकिरी, गुळाच्या काकवीसारखी, बाटलीत मिसळली की कोऱ्या चहाचा रंग येते. सुरुवातीला एकदम हळू सोडली, सिस्टर बाजूला उभी राहून विचारत होती खाज येते का, छातीत दाटते का, घाबरल्यासारखं होते का. मग जराशी जोरात. अर्ध्या तासात संपली. तोंडात लोखंडाची चव आली, तांब्याचा जुना गडवा तोंडाला लावल्यावर येते तशी, संध्याकाळपर्यंत राहिली. झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, बीपी पाहिला, मग सोडलं. तिसऱ्या वेळी अंग दुखलं आणि थोडी कणकण वाटली, दुसऱ्या दिवशी बरं. पाचव्या वेळी दुसरी सिस्टर होती, तिनं सुई नीट पाहिली नाही, दवा शिरेबाहेर गेली, हात चुरचुरला, मी लगेच ओरडली म्हणून बंद केली. तिथं आता ८ आण्याच्या नाण्याएवढा तपकिरी डाग आहे, मॅडम म्हणाली महिने लागतील जायला. म्हणून सांगते, सलाईन चालू असताना जळजळ झाली की संकोच करू नका, जोरानं आवाज द्या.

आता तक्रारी, एक मार्क का कापला. एक, गुरुवारी मी गेली तर दवाच संपलेली. आधी फोन करून सांगायची काही सोय नाही, माझी ३०० ची रोजी पडली आणि परत यावं लागलं. दोन, वॉर्डातल्या बाथरूमला लाईट नव्हता आणि नळाला पाणी ११ नंतर नाही. जिथं रक्त जाणाऱ्या बाया येतात तिथं बाथरूममध्ये पाणी नाही, कडी लागत नाही, कचऱ्याचा डबा नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. एक म्हातारी आई आपल्या सुनेसाठी दारात लुगड्याचा पदर आडवा धरून उभी होती. तीन, सोनोग्राफीची मशीन आहे पण पाहणारे डॉक्टर हप्त्यातून एकच दिवस येतात. माझी बाहेरची सोनोग्राफी होती म्हणून काम भागलं. मी वहीवर लिहून तक्रार दिली आहे, आशाताईनं पण सही केली.

पण ती पहिली सिस्टर. तिच्यासाठी मी ५ पैकी ६ देईन. प्रत्येक बाईला कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करायला सांगते, जास्त गेलं त्या दिवशी दोन गोल. मी मशीनजवळ टांगलेल्या कॅलेंडरवर करते. तीन महिन्यांचे गोल पाहून मॅडमला एका मिनिटात सगळं समजलं, मला तोंडानं सांगायची लाज वाटायची ते पण.

धुरा बांधायचा उपाय म्हणजे रक्त कमी करायच्या गोळ्या, ट्रानेक्झामिक ॲसिड, फक्त जास्त जाते त्याच ३-४ दिवसांत घ्यायच्या, महिनाभर नाही. देण्याआधी विचारलं की पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, तशा माणसाला देत नाहीत, म्हणून मेडिकलमधून मनानं घेऊ नका. मला पहिल्याच पाळीत फरक पडला, ८ दिवसांचे ५ दिवस झाले आणि रात्री एकदाच उठली. दुसरा उपाय सांगितला पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी, नाव तांबी पण तिच्यात तांबं नसते, ती ५ वर्षं तरी चालते आणि रक्त खूप कमी होते. ती इथं बसवत नाहीत, मेडिकल कॉलेजला जावं लागेल, गाठीची जागा पाहून तिथं ठरवतील. पिशवी काढायचं विचारलं तर म्हणाली तो पण एक उपाय आहे, पण बाकीचे करून झाल्यावर, आणि निर्णय तुमचा. तुमचा निर्णय, हे मला कोणी पहिल्यांदा म्हटलं. ४५ च्या पुढच्या बायांचं जास्त जात असेल, किंवा पाळी बंद होऊन परत रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही, पिशवीच्या अस्तराची तपासणी लागू शकते, हे तिनं माझ्या जावेला सांगितलं.

गोळ्यांबद्दल माझं मत बदललं. आशाताई द्यायची त्या लाल गोळ्या मी वर्षानुवर्षं सकाळी चहासोबत घ्यायची आणि म्हणायची काही गुण नाही. चहानं लोह अंगाला फार कमी लागते! दोन पत्ते तर कोठीमागे तसेच पडले होते, पोट साफ होत नाही म्हणून टाकून दिलेले. आता शेवटच्या सलाईननंतर ५-६ दिवस थांबून गोळी सुरू केली (सलाईन चालू असताना गोळी घ्यायची नाही म्हणाले), रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, हिवाळ्यात संत्र्याच्या दोन फोडी. दूध आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शी काळी होते, भ्यायचं कारण नाही, लोहाचाच रंग आहे. मला मळमळ व्हायला लागली तर मॅडमनं एक दिवसाआड घ्यायला सांगितली, त्यानं पण अंगाला चांगलं लागते म्हणे. चहा बंद नाही केला, मजुरीच्या बाईला चहा बंद कसा होईल, फक्त जेवणासोबतचा चहा एक-दीड तास मागे ढकलला. हप्त्यातून एकदा कोंबडीची कलेजी, पाव किलो आणली तर घरातल्या सगळ्यांना होते, आणि ती आधी पुरुषांच्या ताटात जायची ती आता माझ्या आणि मुलीच्या ताटात पण येते. यावरून घरात थोडं बोलणं झालं. झालं तर झालं.

एचबी शेवटच्या सलाईननंतर महिनाभरानं १०.१. आणखी दोन महिन्यांनी १२.१. गोळ्या अजून ३ महिने चालू ठेवायच्या आहेत, कोठी भरायला. कानातला आवाज गेला. केस गळणं अजून आहे, ते सगळ्यात शेवटी थांबते म्हणाले. खडूची इच्छा दुसऱ्या सलाईननंतरच गेली, हे मला अजून खरं वाटत नाही, एका सकाळी खडू हातात होता आणि तो नुसता खडू होता.

माझा एकूण खर्च लिहते म्हणजे कोणाला अंदाज येईल. फेरिटिन ७००, बाहेरची सोनोग्राफी ९००, एसटीचं भाडं ६ वेळचं हाफ आणि त्या एका फुकट चकरेचं. बस. त्याच्या आधी पिवळ्या सलाईनमध्ये १६०० गेले होते ते वेगळे.

जाणार असाल तर सोमवारी किंवा गुरुवारी साडेनऊच्या आत पोचा, म्हणजे दुपारच्या एसटीनं घरी येता येते. न जेवता जाऊ नका, भाकर खाऊन जा. पाण्याची बाटली, एक जुनं कापड आणि बाथरूमसाठी मोबाईलचा लाईट सोबत ठेवा. आदल्या दिवशी आशाताईला दवा आहे का विचारायला लावा. आधीचे सगळे रिपोर्ट न्या, मोठी फाईल नसली तरी चालते, माझे तर मुलीच्या जुन्या वहीच्या कव्हरमध्ये आहेत. आणि एकट्या जाऊ नका, पहिल्या वेळी तरी नाही. नवरा नसेल येत तर शेजारीण न्या. मी पुढच्या गुरुवारी माझ्या जावेला घेऊन जाते आहे, तिचं ८.९ आलं.